जिन्याखालचा वास

४ जुलै, शुक्रवार

आज कांदेनवमी. एकटीसाठी भजी करायची म्हणजे कढईत तेल ओतायचं आणि सहा भजी खायची. तरी केली. पहिल्या घाण्यातली ताटलीभर खाली मंगलाबाईंना नेऊन दिली. परवापासून त्यांचा चातुर्मास. कांदा-लसूण घरात येणार नाही, आणि या वर्षी देवघरात नंदादीप लावणार आहेत, कार्तिकीपर्यंत विझू द्यायचा नाही. म्हणाल्या, "वहिनी, भजी जरा जास्त लाल झाली." आणि उभ्या उभ्या ताटली रिकामी करून हातात दिली. मंगलाबाईंनी तेहतीस वर्षं प्रेसमध्ये नोटांचे कागद तपासले. लग्न केलं नाही. दोष शोधायची डोळ्यांना सवय लागली आहे, ती निवृत्त झाल्या तरी जात नाही.

नळाचा गॅस येऊन तीन आठवडे झाले. सिलिंडर सरकवायला आता कुणाला हाक मारावी लागत नाही, एवढं सुख पुष्कळ. कंपनीनं घरोघर एक पुस्तिका दिली. बाकीच्यांनी फळीवर अंथरली असेल, मी दोनदा वाचली. शिक्षण सातवीपर्यंत, पण छापलेलं समोर आलं की मला सोडवत नाही. भेळेचा कागदसुद्धा मी आधी वाचते. पुस्तिकेतून एक नवीन कळलं. या गॅसला स्वतःचा वासच नसतो. गळला तर माणसाला समजावं म्हणून त्यात मुद्दाम वास मिसळतात.

गोटीरामनं, माझ्या धाकट्या भावानं, विंचूरहून उन्हाळ कांद्याच्या तीन गोण्या पाठवल्या. नेहमीप्रमाणे जिन्याखाली फळ्या टाकून ठेवल्यात. हे असताना दर रविवारी खाली बसून कांदे निवडायचे आणि मी वरून चहा आणायची. आता निवडायचं मी आणि चहाही मीच आणायचा. भाद्रपदात तीन वर्षं होतील.

१३ जुलै, रविवार

सकाळी आठच्या आत मंगलाबाई दारात. आत आल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमचे कांदे सडलेत. माझ्या देवघरापर्यंत वास येतो. चातुर्मासात मी नाक कुठे ठेवू?"

त्यांचं घर तळमजल्यावर. जिन्याखालची भिंत म्हणजे त्यांच्या बाथरूमची भिंत, आणि बाथरूमला लागूनच देवघर. मी म्हटलं बघते. तिन्ही गोण्या उपसल्या. अकरा कांदे खराब निघाले, त्यातही चार नुसते मोड आलेले. तीन गोण्यांत अकरा म्हणजे काहीच नाही, गोटीरामचा माल चांगला असतो. कांदे फेकले, फळ्या पुसल्या, उदबत्ती लावली. त्यांना बाहेर बोलावून दाखवणार होते, पण त्यांनी दार लावून घेतलं होतं.

१६ जुलै, बुधवार

चार दिवस पाऊस थांबला नाही. जिन्यात वास आहे. पुन्हा निवडायला बसले, दोनच सापडले. अर्धा तास बसले तेवढ्यात वास गेलासुद्धा, म्हणून उठले. मंगलाबाई नाकाला पदर लावून बाहेर आल्या. म्हटलं, गेला आता. त्या म्हणाल्या, "गेला? तुमचं नाक गेलं असेल."

दोन कांद्यांचा एवढा वास येत नाही. पण भांडायचं कुणी.

१९ जुलै, शनिवार

सोसायटीची मीटिंग झाली, पार्किंगमध्ये. दोन विषय. पाण्याची टाकी धुणे आणि माझे कांदे. टाकीचं पाच मिनिटांत आटपलं.

पहिल्या मजल्यावरच्यांनाही वास येतो म्हणे. सगळ्यांचं मत एकच, कांदे. मी म्हटलं, निवडलेत, दोनदा निवडलेत, येऊन बघा. तेव्हा मंगलाबाई बोलल्या, आवाज न चढवता, त्या कधीच चढवत नाहीत. "एकट्या माणसाला तीन गोण्या कशाला लागतात? गोरक्षभाऊ गेले, हे तुमच्या भावाला अजून कुणी कळवलं नाही का?"

कुणी हसलं नाही. सेक्रेटरी खुर्च्या मोजायला लागले.

मी घरी आले, बादली घेतली आणि कांदे दुसऱ्या मजल्यावर चढवले. चौदा खेपा. गॅलरीत पसरून ठेवले. गुडघे बोलतायत. मंगलाबाईंशी बोलणं बंद. हे मी ठरवलं, त्यांनीही ठरवलं असावं, कारण पाचव्या खेपेला त्या दारात होत्या आणि नजर वळवून आत गेल्या.

एक गोष्ट लिहून ठेवते, कारण इथं खोटं लिहून काय करायचं. एक गोणी पुरते. गोटीराम फोनवर विचारतो, आक्का, किती पाठवू, आणि माझ्या तोंडून तीन निघतं.

२४ जुलै, गुरुवार

कांदे वर येऊन पाच दिवस झाले आणि वास जिन्याखालीच आहे. खरं सांगायचं तर मला जरा बरं वाटलं. म्हटलं, घ्या आता. कुणाला काही बोलले नाही. फरशीत मुरला असेल म्हणून काल फिनेल टाकून धुतलं, मीच.

आज दुपारी कपाट आवरताना पुस्तिका हाताला आली आणि सवयीनं उघडली. पान नऊ. 'सडलेल्या कांद्यासारखा किंवा कोबीसारखा उग्र वास आल्यास.' हे वाक्य मी दोनदा वाचलेलं आहे. दोन्ही वेळा मनात म्हटलं होतं, सडक्या कांद्याचा वास कसा असतो ते विंचूरच्या पोरीला कंपनीनं शिकवायला नको.

पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे घराबाहेर, फाटकापाशी जाऊन फोन केला. फोनवरच्या माणसानं विचारलं, वास कधीपासून. म्हटलं, बारा दिवस. तो म्हणाला, मावशी, बारा दिवस काय करत होतात. म्हटलं, कांदे निवडत होते.

बारा घरांची बिल्डिंग, आणि एकानंही फोन केलेला नव्हता. सगळ्यांच्या घरात कांदा. वास आला की प्रत्येकाला दुसऱ्याचा कांदा आठवला.

अर्ध्या तासात गाडी आली. सोबत इंजिनिअर बाई, तृप्ती मॅडम, पस्तिशीच्या, सिन्नरकडच्या. हातात एक यंत्र, लांब नळीचं. प्रत्येक स्वयंपाकघरात, प्रत्येक मीटरपाशी, जिन्यात फिरवलं. पहिल्या मजल्यावरच्या एका मीटरच्या जोडापाशी ते हळूच वाजलं. अगदी थोडा गॅस होता. त्यांनी जोड आवळला आणि साबणाचं पाणी लावून दाखवलं, बुडबुडा नाही.

मग त्यांनी समजावून सांगितलं, मला फार आवडलं ते. नवी पाइपलाइन सुरुवातीला वास पिऊन टाकते. गॅस पुढे जातो आणि वास पाइपच्या अंगात जिरतो. लांबच्या घरांपर्यंत बिनवासाचा गॅस पोचू नये म्हणून कंपनी पहिले काही आठवडे वासाचं प्रमाण वाढवते. पाइपचं पोट भरलं की मग वास जास्त होतो, आणि शेगडी पेटवतानाच्या चिमूटभर गॅसचाही जिनाभर दर्प येतो. सगळ्या नाशिक रोडवरून त्यांना असे फोन येतायत. म्हणाल्या, "आता प्रमाण कमी करतोय काकू. आठवडाभरात फरक पडेल."

मंगलाबाईंनी त्यांना स्वयंपाकघरापर्यंत जाऊ दिलं. पुढे देवघर, देवघरातून बाथरूम. तिथं सोवळं, बाहेरच्या माणसानं जायचं नाही, आणि तिकडे गॅसची नळीही नाही, असं त्यांनी सांगितलं. ते बरोबरच आहे, नळी नाही. तृप्ती मॅडम दारापासून परतल्या.

जाताना मी त्यांना चहा दिला. इतक्या दिवसांनी कुणाला तरी आल्याचा चहा केला.

३१ जुलै, गुरुवार

कंपनीचा मेसेज आला, वासाचं प्रमाण नेहमीइतकं केलं आहे. आणि खरंच, जिना स्वच्छ वाटतो. पहिल्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, सुटलो. मंगलाबाईंनी सेक्रेटरींना सांगितलं म्हणे, कांदे वर गेले आणि वास गेला, मी काय म्हणत होते. हे ऐकून मी एक पोळी जास्त खाल्ली, रागानं.

वाचनालयातून मधमाश्यांवरचं पुस्तक आणलं आहे. जाड आहे. पावसाळ्याला पुरेल. खिडकीशी खुर्ची, समोर ओलं चिंचेचं झाड, हातात पुस्तक. आपल्याला काही कमी नाही.

३ ऑगस्ट, रविवार

बिटको चौकातून भाजी घेऊन आले, छत्री मिटली, जिन्यापाशी पाय ठेवला आणि वास आला. दोन श्वास. तिसऱ्याला काही नाही.

पिशवी पायरीवर ठेवून तिथंच बसले. लहानपणीची, कांदे साठवायची चाळ आठवली. आई आणि बायका निवडायला बसायच्या तेव्हा दर थोड्या वेळानं आई सगळ्यांना उठवून बाहेर वाऱ्याला उभी करायची. आत बसलं की नाक मरतं, म्हणायची, सडका कांदा मांडीवर असला तरी कळत नाही. सोळा जुलैला मी अर्धा तास बसून वास गेला म्हणून उठले होते. वास गेला नव्हता.

मग मी फाटकाबाहेर गेले, शंभर आकडे मोजले, परत आत आले. दोन श्वास. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. पाच वेळा. पाचही वेळा दोन श्वास, आणि बाथरूमच्या भिंतीकडे जास्त.

वर येऊन विचार करत बसले. वास निराळा आणि गॅस निराळा, हे पुस्तिकेतच आहे. कंपनीनं वास कमी केला. गॅस कमी केला असं कुठे म्हटलंय? समजा कुठून तरी गॅस येतच होता. वास दाट होता तेव्हा आम्ही कांदे निवडले. आता वास पातळ झाला आणि आम्ही सुटलो म्हणतोय.

तृप्ती मॅडमना फोन केला. त्या घाईत होत्या पण नीट बोलल्या. मोजमाप सगळीकडे ठीक आहे, एकदा भीती बसली की लोकांना आठवडाभर वास येत राहतो, सगळ्यांचंच होतं. तरी माणूस पाठवते म्हणाल्या.

त्या म्हणतात तसंही असेल. हे गेले तेव्हा महिनाभर मला घरात ह्यांच्या ड्युटीच्या कपड्यांचा वास यायचा, एकलहऱ्याच्या वीज केंद्रातल्या राखेचा. कपडे तर मी दुसऱ्याच आठवड्यात देऊन टाकले होते. तेव्हाही तो दुसऱ्या कुणाला येत नव्हता.

५ ऑगस्ट, मंगळवार

कंपनीचा माणूस आला, मीटर तपासले, काही नाही. म्हटलं, तळमजल्याच्या बाथरूममध्ये बघा. मंगलाबाई देवळात गेल्या होत्या, दाराला कुलूप. तो म्हणाला, त्यांना फोन करायला सांगा.

मी सांगू कशी. सतरा दिवस झाले, आम्ही एकमेकींकडे बघत नाही. चिठ्ठी लिहिली, दाराखालून सरकवायला गेले आणि परत घेऊन आले. वाचून म्हणतील, आता कांद्याचा दोष माझ्या मोरीवर ढकलतेय. ही चिठ्ठी अजून इथं वहीत आहे. हे मला शोभलं नाही.

९ ऑगस्ट, शनिवार

राखी. बसून सगळं ओळीनं लिहिते.

गोटीराम आणि कुसाबाई, माझी भावजय, अकराच्या सुमाराला आले. वर येऊन पाण्याचा पेला हातात घेण्याआधी गोटीराम म्हणाला, "आक्का, खाली कसला वास हाय?"

मी म्हटलं, कांदे होते तिथं. मग सगळी हकिगत सांगितली, मीटिंगसकट. त्याचा चेहराच उतरला. वासाची भीती नव्हे, मालाला नाव ठेवलं याचं दुःख. राखी राहिली बाजूला, उठून खाली गेला. आम्ही दोघी मागे. जिन्याखाली उभं राहून त्यानं डोळे मिटून वास घेतला.

"हा कांदा नाय. सडल्या कांद्याला ओल असती, गोडसर येतो तो. हा कोरडा हाय."

कुसाबाई भिंतीला जवळजवळ नाक लावून पुढे सरकली आणि एका जागी थांबली. "वन्सं, हितून येतोय. भिताडातून. पलीकडं कोण ऱ्हातं?"

चाळीस पावलांच्या अंतराला मी एकवीस दिवस घातले होते. मग ते दार वाजवलं.

मंगलाबाईंनी दार उघडलं. "काय?"

"ताई, तुमच्या बाथरूममध्ये जायचंय."

"माझं सोवळं आहे."

"कांदे माझ्या घरी वर आहेत ताई. वास तुमच्या घरात आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. नोटांच्या कागदाकडे अशाच बघत असतील, पास करायचा की बाजूला काढायचा. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मलाही येतो. पहाटे बाथरूमचं दार उघडलं की. थोडासाच. सगळ्यांना वास गेला म्हणून सांगून बसले होते, आता पुन्हा कुठल्या तोंडानं बोलू."

म्हणजे त्यांच्याकडेही एक न दिलेली चिठ्ठी होती.

देवघरात नंदादीप जळत होता. त्याच्या मागे हातभर अंतरावर बाथरूमचं बंद दार. पावसाचं पाणी आत येतं म्हणून बाथरूमची खिडकी त्यांनी पुठ्ठा लावून बंद केलेली. मी म्हटलं, बाथरूमचं दार उघडायचं नाही, लाइटच्या बटणाला कुणी हात लावायचा नाही, आणि आधी हा दिवा शांत करा.

"कार्तिकीपर्यंत आहे तो."

"कार्तिकीला तुम्ही पाहिजेत ना, ताई."

त्या हलल्या नाहीत. कुसाबाईनं डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले, जसं कुणाला निरोप देताना जोडतात. तेव्हा मंगलाबाईंनी ताम्हनातलं जास्वंदीचं फूल उचललं, दुधात बुडवलं आणि ज्योतीवर टेकवलं. तोंडातल्या तोंडात काही पुटपुटल्या. मला वाटतं, माफी मागितली.

मग मी त्यांचा दंड धरून त्यांना बाहेर आणलं. पुस्तिकेत दाखवला होता तो बिल्डिंगचा मुख्य व्हॉल्व्ह गोटीरामनं फिरवला. घराघरात शेगड्या बंद झाल्या आणि बायका ओरडत बाहेर आल्या, बऱ्याच जणींच्या नारळीभाताला नुकती वाफ येत होती. सगळ्यांना फाटकापाशी उभं केलं. तिथूनच फोन.

तृप्ती मॅडम स्वतः आल्या. दरवाजे-खिडक्या उघडून हवा खेळवली, मग लांब नळीचं यंत्र बाथरूमच्या छतापाशी धरलं. त्याचं वाजणं बाहेर फाटकापर्यंत ऐकू आलं. त्या बाहेर आल्या, यंत्र बंद केलं आणि म्हणाल्या, छतापाशी गॅस साठलाय, या घरात आता कुणी राहायचं नाही.

मी मंगलाबाईंना म्हटलं, चला वर, माझ्याकडे. बिल्डिंगमध्ये परत जायला परवानगी मिळाली तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. तेव्हा कुठे गोटीरामला राखी बांधली. गूळ-दाणे आणि राखी.

१० ऑगस्ट, रविवार

भिंतीपासून सहा फुटांवर खड्डा खणला. जमिनीखालच्या पाइपचा एक जोड नीट बसलेला नव्हता. पाऊस पडून वरची माती चिकट झाली, गॅसला वर यायला वाट राहिली नाही, म्हणून तो जमिनीतून आडवा सरकत बाथरूमच्या सांडपाण्याच्या पाइपाशेजारच्या फटीतून आत येत होता. आणि माती ही चाळणीसारखी, तृप्ती मॅडम म्हणाल्या. गॅस तिच्यातून जातो पण वास ती बराचसा धरून ठेवते. म्हणून छतापाशी एवढा गॅस आणि नाकाला दोन श्वास.

मी विचारलं, मग आधी इतका वास का येत होता? त्या म्हणाल्या, तेव्हा वास वाढवलेला होता, म्हणून मातीतून जाऊनही थोडा उरत होता. "आम्ही वास कमी केला आणि तक्रारी थांबल्या. मला वाटलं, काम झालं. शिवाय त्या दिवशी मी देवघराच्या दाराशी थांबले. चूक माझी आहे काकू. पहिल्या मजल्यावरचा जोड सापडला आणि मी पुढे शोधलंच नाही."

असं सरळ बोलणारी माणसं मला आवडतात. म्हटलं, आमचीही चूक आहे, आम्ही सगळे कांदेवाले. त्यांनी चाळीतली बाहेर जाऊन उभं राहायची रीत मला पुन्हा सांगायला लावली आणि लिहून घेतली. यापुढे तक्रार आली की त्यांचा माणूस आधी बाहेर मोकळ्या हवेत थांबून मग आत जाणार, आणि घरच्यांना वास येतो का म्हणून विचारत बसणार नाही. गोटीरामला फोनवर सांगितलं तर त्यानं दोनदा विचारलं, इंजिनिअर बाईनं खरंच लिहून घेतलं का.

मंगलाबाईंच्या बाथरूमची फरशी फोडावी लागणार. काम संपेपर्यंत त्या माझ्याकडे आहेत. गॅलरीत तीन गोण्यांचे कांदे. मी त्यांच्यावर चादर टाकली. त्यांनी चादरीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

१३ ऑगस्ट, बुधवार

चार दिवसांत माझ्या घरात निघालेले दोष: पंच्याची घडी उलटी, डब्यांवर नावं नाहीत, चहात आलं जास्त, पोळी एका बाजूला जाड. घड्याळ सहा मिनिटं पुढे. हे सगळं खरं आहे.

मी कांद्याशिवाय रस्सा करायला शिकले. सुकं खोबरं भाजून तीळ घातले की बरा होतो. त्या म्हणाल्या, बरा आहे, म्हणजे चांगला झाला होता.

सकाळी मला जाग आली तेव्हा बाथरूममध्ये पाण्याचा आवाज येत होता. तांब्या बादलीवर आपटण्याचा. मी बराच वेळ पडून ऐकत राहिले. तीन वर्षांत या घरात माझ्याआधी कुणी उठलं नव्हतं.

दुपारी मधमाश्यांचं पुस्तक वाचत होते तर म्हणाल्या, मोठ्यानं वाचा, डोळ्यांना आता त्रास होतो. एवढी वर्षं बारीक बघून काढली. मी वाचलं. मध्येच थांबवून म्हणाल्या, त्या दिवशी मीटिंगमध्ये बोलले ते बोलायला नको होतं.

मी म्हटलं, तीन गोण्या जास्तच होतात.

"मग पुढच्या वर्षी दोन सांगा," त्या म्हणाल्या. "चार महिने सोडले तर मीही खाते."

१६ ऑगस्ट, शनिवार

सकाळी खाली गेले तर खड्डा बुजवलेला. वर माती चोपून सपाट केलेली, फरशीचे तुकडे नेलेले. मंगलाबाई तेव्हा खाली त्यांच्या घरात काम बघत होत्या, मी आत गेले नाही. वर आले तर तृप्ती मॅडमचा फोन. सगळं झालं, यंत्र लावून छतापासून जमिनीपर्यंत तीनदा बघितलं, लाइन सुरू केली. "मंगलाकाकूंना मघाशीच सांगितलंय. आजपासून त्या घरी राहू शकतात."

मी त्यांचे आभार मानले. मग मंगलाबाईंच्या साड्या दोरीवरून काढल्या, घड्या करून त्यांच्या पिशवीशेजारी ठेवल्या. पिशवीत ठेवल्या नाहीत, दुसऱ्याच्या पिशवीला हात लावू नये.

बारा वाजता त्या वर आल्या. पाय धुतले, पुसले, पंच्याची घडी त्यांच्या पद्धतीनं केली. साड्यांच्या घड्यांकडे त्यांचं लक्ष गेलं असावं.

मी विचारलं, "काय म्हणाले खाली?"

"अजून दोन-तीन दिवस लागतील म्हणतात," मंगलाबाई म्हणाल्या. "फरशी ओली आहे."

मी म्हटलं, फरशीच्या कामात घाई करू नये. आणि परातीत दोघींची कणीक घेतली.